हिरे घेतले म्हणे, पण ठेवले कुठे?

बाजारात पैसे मोजले की वस्तू पिशवीत पडते, हे आपण लहानपणापासून शिकलो. मिरची घेतली तर मिरची, बांगड्या घेतल्या तर बांगड्या. वजनात मारलं तर चार शब्द ऐकवून भांडताही येतं! पण आता आपल्या घरातच एक असा बाजार भरतो, जिथे पैसे जातात खरे, वस्तू मात्र कधीच हातात येत नाही. हा बाजार आहे मोबाइलमधल्या खेळांचा. त्याला वार नाही, वेळ नाही. आई शेतात गेली की भरतो, आई झोपली की भरतो.

मोलगीत आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा करत होतो. नेहमी सगळ्यात आधी पैसे देणारी एक बाई त्या दिवशी गप्प बसलेली. विचारलं तर म्हणाली, "ताई, खात्यात पैसेच नाहीत. पोरगा म्हणतो, हिरे घेतले. घरात तर कुठं दिसत नाहीत. तुम्ही विचारून बघा ना त्याला, ठेवले कुठं?"

सगळ्याजणी खळखळून हसल्या. ती मात्र हसली नाही. कारण ते पैसे आमचुराचे होते.

आमचूर म्हणजे काय, हे सातपुड्यातल्या बाईला सांगायला नको. पण खालच्या गावातल्या मैत्रिणींसाठी सांगते. उन्हाळ्यात कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, फोडी चिरायच्या, कडक उन्हात पसरून वाळवायच्या. अवकाळी पावसाचा शिडकावा झाला की फोडी काळ्या पडतात आणि भाव पडतो. कैरीच्या चिकानं बोटं काळी होतात, चिरतात. मग ते सुकलेलं पोतं मोलगीच्या व्यापाऱ्याकडे जातं. त्या बाईच्या खात्यातून गेले होते बावीसशे रुपये. म्हणजे कितीतरी दिवसांची बोटं!

मुलगा नववीतला. स्वभावानं अजिबात वाईट नाही. त्यानं फोन उघडून दाखवलं. हिऱ्यांच्या बदल्यात त्यानं खेळातलं एक पॅराशूट घेतलं होतं. निळं-जांभळं, चमचमणारं. मी विचारलं, "यानं तुझा माणूस लवकर खाली उतरतो का? त्याला गोळी लागत नाही का?"

"नाही मॅडम. उतरायला सगळी सारखीच."

"मग?"

"मस्त दिसतं ना. आणि सगळ्यांना दिसतं."

मैत्रिणींनो, या सगळ्या धंद्याचं मर्म त्या पोरानं दोन शब्दांत सांगितलं. सगळ्यांना दिसतं!

खेळ फुकट, नटणं विकत

या खेळांमध्ये शिरायला एक पैसा लागत नाही. खेळ फुकट असतो आणि खेळणारे लाखोंनी गोळा होतात. मग त्यांच्यासमोर दुकान मांडलं जातं. सिंगापूरच्या गरेना कंपनीनं २०१७ मध्ये आणलेल्या फ्री फायरचं उदाहरण घ्या. स्वस्तातल्या, कमी ताकदीच्या फोनवरही तो चालायचा, म्हणून तो खेड्यापाड्यांत पोचला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारनं भारतात तो बंद केला, पण त्याचंच 'मॅक्स' नावाचं रूप चालू राहिलं आणि मुलं तिकडे गेली.

या खेळात 'ग्लू वॉल' नावाचं एक साधन आहे. गोळीबार सुरू झाला की ते समोर टाकायचं आणि क्षणात आडोशाची भिंत उभी राहते. ही साधी भिंत खेळता खेळता फुकट मिळते. पण तिला नवं रूप द्यायचं असेल, म्हणजे सोन्याची दिसणारी, नाहीतर राक्षसाच्या तोंडाची, तर पैसे! या रूपाला मुलं 'स्किन' म्हणतात. स्किन कितीही भारी असली तरी भिंत तेवढीच मजबूत. जमवायची, मिरवायची आणि मित्रानं "अरे, ही तुझ्याकडे कशी?" म्हणावं म्हणून ठेवायची. आपल्याकडे कुणी पोस्टाची तिकिटं जमवायचं, कुणी काचेच्या गोट्या, तसंच हे. फरक एवढाच, की गोट्या खिशात वाजायच्या.

आता विकण्याची पद्धत बघा. रुपये देऊन थेट भिंत मिळत नाही. आधी रुपयांचे 'हिरे' करायचे. रुपया म्हटलं की मुलालासुद्धा आईचा चेहरा आठवतो. हिरा म्हटलं की नाही आठवत. शिवाय हिऱ्यांचे गठ्ठे असे ठरवलेले असतात की हवी ती वस्तू घेऊन थोडे हिरे उरतात, किंवा थोडे कमी पडतात. उरले तर वाया कशाला घालवायचे, कमी पडले तर अजून थोडे घ्यायचे. साखळी तुटतच नाही.

त्यातही खूपशा दुर्मीळ वस्तू सरळ विकतच नाहीत. जत्रेतल्या चक्रासारखं चक्र असतं, ते फिरवायचं. एका प्रकारच्या चक्रात पहिल्या फेरीला ९ हिरे, मग १९, मग ३९ असा भाव चढत चढत शेवटच्या फेरीला ४९९ पर्यंत जातो. आठही फेऱ्यांचे मिळून हजारावर हिरे! पण पोराला सुरुवातीला दिसतात ते नऊच. एकदा हात घातला की "आता एवढे गेलेच आहेत, तर…" हे मन म्हणतंच. मोठ्या माणसांना सुटत नाही तो मोह, चौदा वर्षांच्या मुलाला कसा सुटावा? आणि वर "ऑफर संपायला दोन तास बाकी" असं घड्याळही टिकटिकत असतं.

नटण्याची हौस आपल्यालाही आहेच की!

म्हणून मी त्या मुलाला रागावले नाही. नटावं, चारचौघांत उठून दिसावं, ही हौस माणसाला आहेच. आपल्या सातपुड्यात होळीला बावा, बुध्या होऊन नाचणारे बघा. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला सुकवलेले भोपळे आणि घुंगरू, अंगावर नक्षी. काठीची राजवाडी होळी बघायला लांबून माणसं येतात, ती या रूपासाठीसुद्धा. पण तो टोप बाजारातून उचलून डोक्यावर ठेवला की कुणी बावा होत नाही. त्यामागे नवस असतो, दिवसांची पाळणूक असते, रात्रभर नाचायची ताकद लागते. म्हणून गाव त्याला मान देतं.

खेळातल्या स्किनमध्ये मान विकत मिळतो, आणि तोही पुढची नवी स्किन येईपर्यंतच. दुकानदारानं आज जी वस्तू दुर्मीळ म्हणून विकली, तीच तो पुढच्या महिन्यात पुन्हा काढू शकतो. कारण ती घडवायला ना सोनं लागतं, ना मोरपीस. एक चित्र तर असतं! त्याच्या हजार प्रती काढायच्या की लाख, हे कंपनीच ठरवते.

जगभरची तीच गोष्ट

हे फक्त आपल्याच पोरांचं वेड आहे असं समजू नका. या दुकानाची सुरुवात जुनी आहे. भूमिका घेऊन खेळायचे इंटरनेटवरचे खेळ पंचवीस-तीस वर्षांपासून आहेत. त्यात कुणी योद्धा होतं, कुणी जादूगार, आणि वर्षानुवर्षं तलवारी, चिलखतं, ताईत जमवतं. १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या अमेरिकी खेळातल्या वस्तू लोक खऱ्या डॉलरला एकमेकांना विकू लागले. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी २००१ मध्ये त्याचा हिशोब मांडला, तेव्हा त्या काल्पनिक देशाचं माणशी उत्पन्न भारत आणि चीनपेक्षा जास्त निघालं! नसलेला देश, नसलेली माणसं, पण कमाई आपल्यापेक्षा जास्त. हसावं की रडावं?

रडायच्या गोष्टीही घडल्या. शांघायमध्ये 'लीजंड ऑफ मीर ३' खेळणाऱ्या एकानं खेळात मिळवलेली दुर्मीळ तलवार मित्राला वापरायला दिली. मित्रानं ती परस्पर ७,२०० युआनला विकून टाकली. हा पोलिसांकडे गेला, तर उत्तर मिळालं की अशा नसलेल्या वस्तूसाठी कायदाच नाही. मार्च २००५ मध्ये त्यानं मित्राचा खून केला. तलवार खोटी होती, मेलेला माणूस खरा होता.

नेदरलँड्समध्ये २००७ साली दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण केली, चाकूचा धाक दाखवला आणि 'रुनस्केप' या खेळातला त्याचा ताईत आणि मुखवटा स्वतःच्या खात्यात घेतला. वस्तूच खरी नाही, मग चोरी कसली, असा बचाव झाला. पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२ मध्ये तो मानला नाही. मुलानं त्यासाठी वेळ आणि कष्ट घातले होते, त्याला त्यांचं मोल होतं, म्हणून ही चोरीच. मला हा निकाल फार आवडला. "असल्या फालतू गोष्टीसाठी काय रडतोस?" असं आपण मुलाला म्हणतो ना, तेव्हा हा निकाल आठवावा. त्याच्यासाठी ती वस्तू खरी असते.

मग मालक कोण?

पण खरी वाटणं आणि आपली असणं यात फरक आहे. मुलाला समजावून सांगायची गोष्ट नेमकी ही आहे. त्यानं पैसे देऊन घेतलेली भिंत किंवा पॅराशूट त्याच्या मालकीचं नसतं. खेळ सुरू करताना "मान्य आहे" असं बटण दाबतो, त्यामागच्या न वाचलेल्या अटींत बहुतेक खेळांच्या कंपन्या हेच लिहितात: तुम्हाला ही वस्तू फक्त वापरायची परवानगी आहे. खातं बंद झालं, खेळ बंद झाला, की परवानगी संपली.

हे आपल्याकडे घडूनही गेलं. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं ११८ अ‍ॅप बंद केली, त्यात पबजी मोबाइल होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस तो खेळ भारतात पूर्ण थांबला. ज्यांनी हजारो रुपयांचे कपडे आणि बंदुकांची रूपं घेतली होती, त्यांची सगळी खरेदी कुलपात गेली. जुलै २०२१ मध्ये तो खेळ नव्या नावानं आला आणि जुनं सामान नव्या खात्यात नेण्याची सोय कंपनीनं दिली, म्हणून बऱ्याच जणांना ते परत मिळालं. पण कंपनीनं दिली म्हणून मिळालं, आपला हक्क म्हणून नाही. घेतलेली शेळी व्यापाऱ्यानं मनात आलं तेव्हा नेली आणि मनात आलं तेव्हा परत बांधली, तर तिला आपली शेळी म्हणायचं का?

फोन एकच, आणि पैसेही त्यातच

आता आपल्याबद्दल बोलू. पहिलं आधार कार्ड २०१० साली देशात कुठे दिलं गेलं? आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. तिथून पुढे आधार, बँक खातं, मोबाइल हे सगळं एकाला एक जोडलं गेलं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये खात्यात येऊ लागले आणि कितीतरी बायांच्या स्वतःच्या नावावर पहिल्यांदा हाताशी पैसा आला. मजुरी, आमचूर, बचत गटाचं कर्ज, सगळं त्या एका खात्यात.

पण तो फोन चालवतो कोण? मुलगा. आमच्याकडच्या बऱ्याच बाया घरात भिलोरी किंवा पावरी बोलतात. मराठी वाचणंच जिथे कष्टाचं, तिथे बँकेचा इंग्रजी संदेश कोण वाचणार? मग "बाळा, बघ रे पैसे आले का" असं म्हणून फोन त्याच्याकडे जातो आणि पिनही त्यालाच ठाऊक असतो. डोंगरात जिथे रेंज मिळते त्या टेकाडावर पोरं गोळा होतात. आईला वाटतं अभ्यास चाललाय.

ही गोष्ट फक्त डोंगरातली नाही बरं का. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या एका सोळा वर्षांच्या मुलानं आईच्या खात्यातून पबजीवर तब्बल दहा लाख रुपये उडवले. आईवडील रागावल्यावर तो घर सोडून गेला. पोलिसांनी त्याला अंधेरी भागातून शोधून आणलं, म्हणून बरं. त्याच्या आदल्याच महिन्यात मध्य प्रदेशातल्या छतरपूरमध्ये चाळीस हजार रुपये खेळात गेल्यावर तेरा वर्षांच्या मुलानं जीव दिला होता. पैसे गेल्याचं कळल्यावर आपल्या तोंडून जो पहिला शब्द निघतो, तो फार जपून काढायला हवा, तो यासाठी. पैसे पुन्हा कमावता येतात.

करायचं काय?

पहिलं म्हणजे पिन. पिन ही तिजोरीची किल्ली आहे, ती ज्याच्या खात्यात पैसे त्याच्याच डोक्यात हवी. आकडे आठवत नसतील तर आपल्याला लक्षात राहील असं काही शोधा, पण स्वतःच्या जन्माचं साल नको, ते मुलांना पाठ असतं! 'युपीआय लाइट' चालू असेल तर छोट्या रकमांना पिनच लागत नाही, म्हणून ते बंद करून घ्या. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय आहे, तीही चालू करा. कॉलेजात जाणारी भाची किंवा गटातली शिकलेली सून हे पाच मिनिटांत करून देईल.

पैसे गेलेच असतील तर लगेच हालचाल करा. प्ले स्टोअरवरून झालेली खरेदी ४८ तासांच्या आत कळवली तर परताव्याची विनंती थेट गुगलकडे करता येते. मुलानं केलेली खरेदी आहे हे स्पष्ट लिहा. आपल्या करार कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलानं केलेला करार ग्राह्य धरत नाहीत, हेही लक्षात असू द्या. परदेशात मोठ्या कंपन्यांना अशा प्रकरणात पैसे परत करावे लागले आहेत. 'फोर्टनाइट' खेळाच्या एपिक गेम्स कंपनीनं अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत द्यायचं कबूल केलं, ते खेळातल्या फसव्या खरेदीच्या तक्रारींवरूनच. बेल्जियमनं तर २०१८ मध्ये नशिबाच्या पेट्या विकणं म्हणजे जुगारच असं ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पण स्किन घेण्यात पैसे जिंकायचे नसतात, फक्त घालवायचे असतात. त्यामुळे त्या बंदीच्या भरवशावर आपल्याला बसता येणार नाही.

'फुकट हिरे मिळवा' अशा लिंका हा तर निव्वळ फसवणुकीचा धंदा. त्यात पासवर्ड जातो, कधी बँकेचे पैसेही जातात. असं झालं तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातलंय, ती यादी २०२२ पासून लागू आहे. पण दोन तास खेळला म्हणजे आजारी, असं नाही. खेळावरचा ताबाच सुटला, जेवण, झोप, शाळा सगळं मागे पडलं, नुकसान दिसूनही थांबता येईना आणि हे वर्षभर चाललं, तर तो आजार. अशा वेळी टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून बोलता येतं. पैसे लागत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलाला हिशोबात घ्या. त्या नववीतल्या मुलाला आम्ही कागद-पेन दिलं. बावीसशे रुपयांसाठी आईनं किती किलो आमचूर विकलं, त्यासाठी किती कैऱ्या लागल्या, एका दिवसात ती किती चिरते, हे त्यालाच काढायला लावलं. गणितात हुशार आहे पोरगा. उत्तर आल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. त्या उन्हाळ्यात तो आईबरोबर कैऱ्या सोलायला बसला. खेळ त्यानं सोडलेला नाही, अजून खेळतो. साधी भिंत टाकूनही जिंकता येतं, असं तोच आता मित्रांना सांगतो.

तेव्हा आज संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की मुलाच्या शेजारी जरा बसा. "तुझ्या खेळात काय काय सामान आहे रे, दाखव बरं" असं म्हणा. तो हौसेनं दाखवेल. कुठलं फुकट मिळालं, कुठलं विकत, हे बोलता बोलता कळेल. आणि तो झोपला की पिन बदला. नवा पिन कुणालाच सांगू नका. अगदी घरच्या कारभाऱ्यांनाही नाही!